पंगतीतली प्रेमा

दोरीवर वाळत घातलेल्या लाल रिबिनी. खिचडीचा वास. मोखाड्याच्या एसटीचा हॉर्न. टीव्हीवर कॅमेऱ्यांच्या चार चौकटी.

वांगणीची धोंडीबाई आश्रमशाळेच्या ऑफिसात टीव्हीसमोर उभी होती. शाळेतल्या पोरी सांगत होत्या ते खरं निघालं. एका चौकटीत, व्हरांड्यातल्या पंगतीत, तिची प्रेमा मान खाली घालून जेवत होती.

"सर, हीच माझी. घरी नेते हिला."

नवे अधीक्षक हसले. "मावशी, असं मूल सोडता येत नाही. एवढे कॅमेरे लावलेत कशासाठी? सुरक्षेसाठीच ना?"

"मग नुसती बाहेर तरी बोलवा."

"दिसतेय ना जेवताना? सुखरूप आहे. अजून काय हवं?"

धोंडीबाईने दारातून व्हरांड्यात पाहिलं. पंगत तीच होती, पण प्रेमाच्या ताटासमोर कुणीच नव्हतं. शेजारच्या दोघी मात्र, मधे कुणी दाटीने बसावं तशा, गुडघे आवरून बसल्या होत्या.

ती टीव्हीकडे वळली. प्रेमाने घास तसाच धरून वर पाहिलं आणि आई दिसल्यासारखी ती उठू लागली.

अधीक्षकांनी माईक ओढला. "ए, जेवताना उठायचं नाही. खाली बस."

प्रेमा बसली.

ओढ्यात सापडलेल्या प्रेमाला धोंडीबाईने श्रावणातच माती दिली होती. कॅमेरे दिवाळीनंतर लागले, प्रेमामुळेच.