आठ पात्यांचे टायर

"बारा पात्यांचे काढू ना?" सुहैलनं शिडीवरून विचारलं.

खलफाननं मान वर केली नाही. दुकानाच्या दारातून त्याला घरची लाल, चार चाकांची बाइक दिसत होती. मागची बाजू ठोकळ्यांवर चढवलेली. तिच्याजवळ उकिडवा बसून मर्हून, त्याचा धाकटा, मागच्या चाकांचे नट सोडवत होता. शुक्रवारी बिदिया गावातली सगळी पोरं वाळूच्या मोठ्या टेकडीवर बाइक चढवणार होती. यंदा मर्हूननंही नाव दिलं होतं.

"आठ," खलफान म्हणाला.

सुहैल खाली उतरला. "अबू झाहिर, तुमचं इंजिन मोठं. आठ पात्यांना वाळू धरवणार नाही. चाक नुसतं फिरेल. टेकडीच्या कमरेपर्यंत जाऊन बसेल."

मग तोच अवघडला. बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची, ही गावाची रीत. झाहिर गेला तरी हाक तीच राहिली होती.

"राग नका मानू, काका. तोंडात बसलंय."

"तेच नाव आहे माझं. आठवाले काढ."

झाहिरचे बाराचे होते, इथूनच नेलेले. सरळ चढले होते. माथ्याशी वेग मोडायचा, आडवं वळायचं, पलीकडे बघायचं आणि मगच उतरायचं. बाइकचा वेग मोडलाच नाही. पलीकडची बाजू वाऱ्यानं रात्रीत कापून नेली होती. बाइक माथ्याआड गेली तेव्हा खाली माणसं टाळ्या वाजवत होती. खलफानही.

"त्यापेक्षा जाऊच नको म्हणा ना त्याला," सुहैल हळूच म्हणाला.

"दुसऱ्या कुणाची तरी बाइक घेईल."

सुहैलनं शिडी सरकवली. आठवाले टायर काढून आणले.

मर्हून चाकं घरंगळवत आत आला. टायर बघून हसला. "हे कुणासाठी? यावर आमची आजीसुद्धा बसेल."

कुणी हसलं नाही. त्यानं टायरवरून हात फिरवला. रबराच्या उभ्या पात्यांवर बोट ठेवून मोजत तो टायरभर फिरून परत पहिल्या पात्यावर आला.

"बाबा, यावर बाइक माथा गाठणार नाही."

"नाही गाठणार."

"सगळं गाव येणार आहे बघायला."

"मीपण येणार आहे."

मर्हूननं टायर कलता करून कडेवरचा बाण शोधला, चाक कुठल्या अंगानं फिरायला हवं ते पाहिलं आणि सुहैलपुढे सरकवला.

टायर रिमवर चढले. मर्हून बाहेर चाकं लावायला बसला. खलफान त्याच्याशेजारी टेकला आणि मातीत ठेवलेले नट पुसून एकेक त्याच्या हातात देऊ लागला.

"लोक म्हणतील," मर्हून पाना आवळत म्हणाला, "झाहिरचा भाऊ अर्ध्यातून परत आला."

खलफाननं पुढचा नट पुसला.

"हो," तो म्हणाला. "परत आला म्हणतील."