नावाची पट्टी

पुढच्या आठवड्यात काय काय बघायला मिळणार, ते सरकारी चॅनेलवरची बाई हसून हसून सांगत होती. सोमवारी शास्त्रीय गाणं. मंगळवारी उपग्रह आकाशात कसा सोडतात ते. गुरुवारी कांद्याच्या निर्यातीवर चर्चा, म्हणजे चार माणसं एकदम बोलणार. मुक्ताबाई जांभई आवरून बसली होती. आणि रविवारी साडेदहाचा इतिहासाचा कार्यक्रम म्हणताना पडद्यावर बारव आली. त्यांच्याच गावची! खर्ड्याच्या अलीकडच्या त्या एवढ्याशा गावातली पायऱ्यांची जुनी विहीर, कमानीसकट.

"अवो, बगा की!" तिनं नवऱ्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

बिभीषण बघतच होता. पायरीवर सरपंच राधाकृष्ण उभा होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. बाई सांगत होती, "गाळात गाडली गेलेली ही बारव ग्रामस्थांनी एकजुटीनं, श्रमदानातून मोकळी केली."

ग्रामस्थांनी! मुक्ताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षं तिचा नवरा एकटाच रोज सकाळी टिकाव-घमेलं घेऊन खाली उतरत होता. अडतीस पायऱ्या त्यानं एकट्यानं उघड्या केल्या. तेव्हा हेच ग्रामस्थ काठावर उभं राहून विचारायचे, "काय, हंडा घावला का?" पोरंसोरंसुद्धा त्याला गाळ्या म्हणायची. आणि हा राधाकृष्ण! नऊ वर्षांत एकदा आला, नारळ फोडायला. जाताना खोबरंही घेऊन गेला मेला.

बिभीषणनं टीव्ही बंद केला.

"तूच बोललीस ना त्यांच्यासंगं?"

बोलली होती. शूटिंगवाले आले त्या दिवशी बिभीषण डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला होता. मोनिका नावाच्या मुंबईच्या पोरीनं मुक्ताबाईपुढं माईक धरला आणि विचारलं, हे कुणी केलं? "आमच्या दिशाच्या वडलांनी," ती म्हणाली. त्यांचं नाव काय? मुक्ताबाईनं तोंडाला पदर लावला. लग्नात उखाण्यात घेतलं ते घेतलं. त्यानंतर चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. पोरीनं तीनदा विचारलं, हिनं तीनदा मान खाली घातली. मग शेजारी उभा असलेला सरपंच पुढं झाला. "बाईमाणूस लाजतंय. तुम्ही आपलं ग्रामस्थ लिहा."

"मंग आता तुमी फोन करून सांगा," मुक्ताबाई म्हणाली. "त्या पोरीचा नंबर हाय माज्याकडं."

"माजं नाव मीच सांगू? नावाची भीक मागू व्हय?"

"आन मी घेऊ?"

"कुनीच घेऊ नका. मी काय नावासाठी उपसली न्हाई." त्यानं घमेलं उचललं आणि काळा चष्मा लावून तरातरा बारवेकडं निघून गेला. डॉक्टरनं महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण ऐकेल तो हा माणूस कसला!

तिनं दिशाला फोन लावला, लेकीनं तरी नाव कळवावं म्हणून. दिशा पुण्याला कंपनीत. ड्युटीवर असली की फोन बंद. शेजारीपाजारी जाण्यात अर्थ नव्हता, तिथं सगळे ग्रामस्थच. शेवटी तिनं मोनिकाला लावला.

"बरं झालं मावशी, वेळेवर केलात," मोनिका म्हणाली. "आत्ता मी त्याच कार्यक्रमावर बसलेय. आणखी पाच मिनिटांत तो माझ्या हातातून पुढं जाईल, मग काही करता येणार नाही. सांगा, पूर्ण नाव सांगा. मी पडद्यावरची नावाची पट्टी बदलते."

"दिशाचे वडील..."

"मावशी, टीव्हीवर दिशाचे वडील असं कसं लिहू?"

तेवढ्यात रेंज गेली. मुक्ताबाई फोन कानाला लावून अंगणात आली, तिथनं बांधावर आली. बांधावरही आवाज तुटत होता. बारवेच्या काठावर मात्र पोरगी खणखणीत ऐकू यायला लागली. खाली कमानीच्या आतून गाळ खरवडल्याचा आवाज येत होता, माणूस दिसत नव्हता.

"बि..." मुक्ताबाई तळहाताआडून म्हणाली आणि तिथंच अडली.

"मोठ्यांदा मावशी! आणि त्यांच्या वडिलांचंही सांगा. पूर्ण नाव लागतं."

"सासऱ्याचं बी?"

आता मात्र हद्द झाली. तिला राधाकृष्णाचा संताप आला, त्या पट्टीचा आला, सगळं तिच्यावर टाकून खाली जाऊन खरवडत बसलेल्या नवऱ्याचा आला. सगळ्यात जास्त संताप आला तो स्वतःच्या तोंडाचा. एरवी दिवसभर चालतं, आणि नेमक्या वेळेला दातखीळ बसते!

"मावशी, दोनच मिनिटं राहिलीत."

डोक्यावरचा पदर घसरला होता. तिनं तो तसाच राहू दिला.

"बिभीषण भिमाजी सुरवसे!" ती ओरडली. "लिही! बिभीषण भिमाजी सुरवसे! एकट्यानं केलंय! ग्रामस्थ-बिमस्थ कुनी न्हाई, एकट्या बिभीषणनं!"

पलीकडच्या रानात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. नाव बारवेच्या भिंतींवर आपटत खाली खाली गेलं.

"लिहिलं मावशी," पोरगी म्हणाली आणि फोन बंद झाला.

खालचं खरवडणं थांबलं होतं. मुक्ताबाईचे कान गरम झाले होते. वाकून बघायची तिची छाती होईना.

कमानीखालून, शाळेत हजेरी देतात तसा, आवाज आला.

"ओ!"