तिनं दार ठोठावलं का?

"सही करणार नाही म्हणजे नाही," म्हातारबुवांनी कागद असा सरकवला की टेबलावरचा पेला कलंडला.

मुलीने घाईघाईने रुमालाने पाणी टिपलं. वडिलांच्या रागाची तिला पन्नास वर्षांची सवय होती, पण आज तिचंही डोकं फिरलं होतं. सत्काराच्या नावाखाली त्यांना मंचावर बोलवायचं, गळ्यात हार घालायचा आणि भरल्या सभागृहासमोर संमतीचा कागद पुढे करायचा. याला केसाने गळा कापणं म्हणतात.

कागद पुढे करणारी दिग्दर्शिका वयाने तिच्या निम्मी होती. ती निघाली होती 'सहावा जिना'चा दुसरा भाग काढायला. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

'सहावा जिना' आला तेव्हा सपशेल आपटला होता. गावोगाव चार दिवसांत उतरला. दिग्दर्शकाने हाय खाल्ली आणि वर्षाच्या आत तो गेला. वितरकांनी प्रती वितळवून फिल्मच्या थरातली चांदी काढून घेतली. म्हातारबुवा तेव्हा एका थिएटरात मशीन चालवायचे. तिथे पुढचा सिनेमा वेळेवर पोचला नाही म्हणून हाच तीन आठवडे चालला. पुढे ती रिळं कुणी मागायलाच आलं नाही, तेव्हा यांनी ती घरी आणून माळ्यावर ठेवली. जगात उरलेली ती एकुलती एक प्रत. वीस वर्षांनी त्यांनी ती संग्रहालयाला दिली, तीही अट घालून. आपल्या सहीशिवाय या सिनेमाला कुणी काहीही जोडायचं नाही.

मग सिनेमा गाजला, आणि गाजला तो शेवटामुळे. घर सोडून गेलेली बायको दहा वर्षांनी परत येते, सहा जिने चढते, नवऱ्याच्या दारासमोर उभी राहून हात उचलते. संपला सिनेमा. संगीतसुद्धा मध्येच तुटतं. त्या तुटलेल्या सुरावर एका प्राध्यापकांनी अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

"काका, रागावू नका," दिग्दर्शिका म्हणाली. "ती दार ठोठावते की आल्या पावली परत जाते, हे लोकांना कळायला नको? अर्धवट राहिलेली गोष्ट पूर्ण करायची, एवढंच आहे."

"अर्धवट?" म्हातारबुवा उभेच राहिले. "अर्धवट कोण म्हणतं? तीस वर्षं लोक त्या दारावरून भांडतायत, नवरा-बायको जेवताना भांडतायत. म्हणून तर सिनेमा जिवंत आहे! तुमचे सिनेमे बघून माणूस बाहेर येतो आणि गाडी कुठे लावली ते आठवेपर्यंत सगळं विसरतो."

सभागृहात हशा पिकला. मुलीने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काठी टेकत एक मावशी उठल्या. "अहो, पण दार उघडतं की! मी लहान असताना आमच्या गावी पाहिलाय. नवरा दार उघडतो आणि दोघं रडतात."

आता तर लोक पोट धरून हसले. दिग्दर्शिकाही हसली. "बघा काका. लोकांना उत्तर इतकं हवं असतं की ते मनातल्या मनात शेवट जोडून घेतात."

"वय झालं की होतं असं," म्हातारबुवा पुटपुटले.

"तुमचं काय कमी झालंय का?" मावशींनी तिथल्या तिथे सुनावलं आणि त्या फणकाऱ्याने खाली बसल्या.

म्हातारबुवांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "हे बघा, पोरी. एकदा लोकांनी एखादा शेवट आपला मानला की तो त्यांचा होतो. त्याला शेपूट जोडायचा हक्क तुला नाही, मला नाही, तो दिग्दर्शक स्वर्गातून खाली उतरला तर त्यालाही नाही. मी जिवंत आहे तोवर त्या बाईचा हात दाराला लागणार नाही!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. दिग्दर्शिकेने कागदाची घडी घातली, ती पिशवीत ठेवली आणि वाकून त्यांना नमस्कार केला. दुसरा भाग तिथेच संपला.

बाहेर पडताना म्हातारबुवा त्या मावशींपाशी थांबले आणि त्यांनी हात जोडले. मावशींनी तोंड फिरवलं. बाबांचा केवढा हा मोठेपणा, असं मुलीला वाटलं. अभिमानाने तिचा ऊर भरून आला.

घरी आल्यावर तिने दोघांसाठी चहा टाकला. म्हातारबुवा खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. राग उतरला होता, थकवा तेवढा राहिला होता.

"बाबा, जिंकलात तुम्ही," ती कप पुढे करत म्हणाली. "पण आता घरातल्या घरात सांगा. तुम्हाला काय वाटतं? ठोठावते ती?"

"त्यात वाटायचंय काय? ठोठावते. नवरा दार उघडतो, दोघं चार मिनिटं गळ्यात पडून रडतात." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तू तेव्हा सहा महिन्यांची होतीस, मला बघितल्याशिवाय झोपायची नाहीस, आणि ती चार मिनिटं कापली नसती तर माझी सव्वानऊची शेवटची बस रोज चुकली असती."