लेटरबॉक्सवरची नावं

"बहात्तर," नवऱ्याने वही मिटली. "शंभरपैकी बहात्तर. आत्तापर्यंतचं सगळ्यात हुशार उपनगर."

तो गणिताचा मास्तर. कशालाही मार्क दिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शाळेला पंधरा, बाजाराला अकरा, आणि तिच्या नव्या इस्पितळापासूनच्या अंतराला तर पैकीच्या पैकी. पुढच्या सोमवारी तिला तिथल्या डायलिसिस विभागाचा ताबा घ्यायचा होता. घर आजच ठरवायला हवं होतं, कारण एजंटच्या म्हणण्याप्रमाणे मागे आणखी दोन पार्ट्या टपून बसल्या होत्या.

बाबा वर आलेच नव्हते. ते खाली, जिन्याजवळच्या लेटरबॉक्सांसमोर हात मागे बांधून उभे होते. चौतीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस. घर बघायला नेलं तरी तो आधी पेट्याच बघणार.

"अठ्ठेचाळीस पेट्या आहेत," त्यांनी लेकीला सांगितलं. "नाव एकीवरही नाही. नुसते आकडे. आणि बघ, सगळ्या जाहिरातींनी तुंबल्यात."

"बाबा, हल्ली पत्रं येतात कुणाला?" जावई म्हणाला.

"पत्रांचं नाही म्हणत मी, जावईबापू. ही ड्युटीवर, तुम्ही शाळेत, आणि तुमची चिमणी दप्तर घेऊन कुलूपबंद दाराशी उभी. तिने कुणाचं दार वाजवायचं, तेवढं सांगा."

जावईबापूंनी वही उघडली, पानं चाळली आणि परत मिटली. या प्रश्नाला रकाना नव्हता.

दुसरं उपनगर बसने अर्धा तास आणखी लांब. चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट नाही. पेट्या नऊच. एकीवर रंगाने लिहिलेली दोन आडनावं, एकीचं झाकण तारेने बांधलेलं. तिसरीवर चिठ्ठी डकवलेली होती: 'मोठं पाकीट असल्यास समोर शिंपीणबाईंकडे द्यावे.' बाबांनी ती दोनदा वाचली.

"हे घ्या," ते म्हणाले.

"अहो, वर तर चला!"

"वर काय, भिंतीच असणार." पण या वेळी ते जिना चढले. सावकाश, कठड्याला धरून.

दुसऱ्या मजल्यावर एजंटने कुलूप काढलं आणि सगळे आत शिरले. बाबा उंबऱ्यापाशी थांबले. ही त्यांची जुनी खोड. कुणाच्याही दारात ते असेच थांबायचे, अगदी सख्ख्या भावाच्यासुद्धा. आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि आज सगळ्यांना घाई होती.

घर बरं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि त्याला लागून एक चिंचोळी तिसरी खोली. खिडकी रस्त्याकडे. तिने ती खोली पावलांनी मोजली. एक पलंग, एक कपाट आणि खिडकीशी एक खुर्ची बसत होती.

"ही कुणाची?" चिमणीने विचारलं.

"सामान ठेवू," ती म्हणाली. आवाज दारापर्यंत गेला असणार, हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

नोकरीचं पत्र आलं त्या दिवशीच बाबा म्हणाले होते, "माझी काळजी करू नका, मी आपला इथे बरा." तिने मान हलवली होती. त्यानंतर तो विषय निघालाच नाही. त्यांना सोबत न्यायचं तिच्या फार मनात होतं, पण विचारलं आणि ते नाही म्हणाले तर आपल्याला सगळ्यांसमोर रडू येईल, या भीतीने ती गप्प राहिली होती. आज ते नुसते घर बघायला सोबत आले होते. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं.

"त्रेसष्ट," नवरा हळूच म्हणाला. "लिफ्टचे गेले, अंतराचे गेले. पण..."

"घेऊ या हेच," ती म्हणाली. एजंट मालकाला फोन लावायला जिन्यात गेला.

"मग पेटीवर नावं आजच लावा," बाबा दारातूनच म्हणाले. "नाहीतर पहिलंच पत्र परत जाईल." त्यांनी खिशातून एक कोरं कार्ड आणि पेन काढलं, कार्ड चौकटीवर टेकवलं आणि आपल्या गोल, ठसठशीत अक्षरात लिहून चिमणीच्या हाती दिलं. तिने मोठ्याने वाचलं. आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग तिचं स्वतःचं.

"आजोबा, तुमचं राहिलं!"

"माझं कशाला गं? मी काय, पोस्टमन. दारापर्यंतच."

ती पुढे आली आणि लेकीच्या हातातलं कार्ड तिने घेतलं. बाबांच्या हातचे हजारो पत्ते तिने पाहिले होते. कार्डाच्या बरोब्बर मधोमध लिहायचे ते, चारी बाजूंना सारखी जागा सोडून. इथे तिन्ही नावं वरच्या बाजूला दाटीने बसवली होती. खाली एका ओळीची जागा कोरी होती.

आता रडू आलं तर येऊ दे, असं तिला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "बाहेर काय उभे राहिलात? या ना आत. ती खिडकीची खोली तुमची आहे. राहाल ना आमच्याकडे?"

खाली वाकून बाबांनी बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. गाठी पक्क्या होत्या आणि एका हातात पेन होतं, त्यामुळे वेळ लागत होता. पेनाचं टोपण त्यांनी अजून लावलं नव्हतं.