लाकडी देवळापाशी

"आज तरी तो फोटो लावणार आहेस की नाही?" रामोनानं विचारलं.

वेंडेल व्हिनेगरच्या पाण्यात पाय बुडवून बसला होता. वाळवंटातल्या खाऱ्या धुळीनं टाचा फुटतात आणि व्हिनेगरशिवाय त्यावर दुसरा इलाज नाही.

"लावतो. जरा ऊन उतरू दे."

"काल वारा होता, परवा गर्दी होती, आज ऊन. वाळवंटात आलोय रे आपण. ऊन काय तुझ्यासाठी सुट्टी घेणार आहे?"

व्हॅनला बांधलेली ताडपत्री कर्टिस पुन्हा ताणत होता. तो नुसता हसला. तरुणपणी हे तिघे एकाच बँडच्या मागे गावोगाव भटकत, तेव्हापासूनची त्यांची मैत्री. आता तिघांनीही साठी ओलांडली होती. नेवाडातल्या या संगीताच्या जत्रेला रामोना आणि कर्टिस दर वर्षी तंबू ठोकायचे. वेंडेल पहिल्यांदाच आला होता, आणि तोही रामोनानं जवळजवळ ओढून आणला म्हणून.

कारण होतं मॅरेन, वेंडेलची मुलगी. काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला मॅरेन का आली नाही, असं कर्टिसनं सहज विचारलं. वेंडेलनं ताटातून मान वर न करता सांगितलं की ती अपघातात गेली, कळवायला जमलं नाही. भाजलेली टर्की ताटात तशीच राहिली. त्यानंतर कर्टिसनं पुन्हा तोंड उघडलं नाही. रामोना मात्र जन्मभर नर्स होती, तिला गप्प बसणं माहीत नव्हतं. तिनं फुलं पाठवू का विचारलं, तो नको म्हणाला. थडग्यावर जाऊन येऊ म्हटलं, तर थडगं नाही म्हणाला. हा माणूस आतल्या आत कुढून मरणार, असं तिचं ठाम मत होतं.

जत्रेच्या टोकाला, मंचांच्या धडधडाटापासून लांब, दर वर्षी फळ्यांचं एक देऊळ उभं करतात. त्यात देव नसतो. लोक आपल्या मेलेल्या माणसांचे फोटो तिथं लावतात आणि शेवटच्या दिवशी सगळं पेटवून देतात. एरवी अंगात आल्यासारखी नाचणारी माणसं तेव्हा हूं की चूं करत नाहीत. रामोनानं आपल्या आईला तिथंच निरोप दिला होता. वेंडेलनंही एकदाचं मोकळं व्हावं, एवढंच तिला हवं होतं.

पण वेंडेल रोज फोटो खिशात घालून जायचा आणि तसाच परत आणायचा. फळीवर टेकवायचा, टाचणी धरायचा, आणि टाचणी तशीच काढून घ्यायचा.

"मला हे बरोबर वाटत नाही," तो कर्टिसला एकदा म्हणाला.

"कुणालाच वाटत नाही रे," कर्टिस म्हणाला. त्याला मित्राची फार दया आली.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर रामोना वेंडेलला घेऊन निघाली. कर्टिसला ढोल ऐकायचे होते, तो मागे राहिला. वाटेत शेजारच्या तंबूतल्या पोरांनी हाळी दिली, "काय कासवभाऊ, आज पोचणार का?" इथं खरं नाव कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. वेंडेलची चाल पाहून पोरांनी पहिल्याच सकाळी त्याचं बारसं उरकलं होतं. रामोनाला त्यांनी हेडमास्तरीण केलं होतं, आणि त्यावर ती बेहद्द खूश होती.

देवळापाशी पोचतात तोच वावटळ उठली. दोघांनी गॉगल चढवले, नाकातोंडावर फडकी ओढली आणि भिंतीच्या आडोशाला गेली. तिथं एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिचाही चेहरा तसाच गुंडाळलेला होता. रामोना लगेच तिच्या शेजारी टेकली आणि दोन मिनिटांत तिची हकीकत काढून घेतली.

"ये रे इकडे!" तिनं वाऱ्यावर आवाज चढवून वेंडेलला बोलावलं. "हिचे वडील गेलेत. हीसुद्धा रोज फोटो आणते आणि लावत नाही. तुझीच बहीण शोभते. बाळ, हा आमचा कासव. याची लेक गेली, तुझ्याच वयाची असती."

"बसा ना," मुलगी म्हणाली. धुळीनं तिचा घसा पार बसला होता. वेंडेल बसला.

"तुम्हाला का लावता येत नाही?" तिनं विचारलं.

वेंडेल खिशातला फोटो चाचपत राहिला.

"मला राग आहे म्हणून," ती म्हणाली. "माझे बाबा कधी 'माझं चुकलं' म्हणाले नाहीत. एकदा जरी म्हणाले असते ना, तरी मला पुरलं असतं."

वाऱ्यानं फळ्या करकरत होत्या. अनोळखी माणूस, त्यात डोळे झाकलेले. वेंडेलला अचानक बोलणं सोपं वाटलं.

"मी तिचं चेलो विकलं," तो म्हणाला. "तिला न विचारता. शिक्षण सोडून वाजवत फिरणार म्हणाली म्हणून. ती रडली, तर म्हटलं, चालती हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस. माझं चुकलं. फार चुकलं. हे तिला कधी सांगितलंच नाही."

रामोना त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं.

मुलगी हलली नाही. वारा पडला, धूळ खाली बसू लागली, लांबून पुन्हा ढोल ऐकू यायला लागले. रामोनानं मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि तुझ्या बाबांचं नाव काय होतं गं, बाळ?"

मुलीनं गॉगल कपाळावर चढवला. ती रामोनाकडे बघत नव्हती.

"वेंडेल," मॅरेन म्हणाली.