लेकीचं नाव

अकिक्याच्या दिवशी न्हाव्याने लेकीचं जावळ उतरवलं. मौलवींनी नाव विचारलं. नसीमाच्या मनात बुशरा होतं, म्हणजे खूशखबर. पण तिने तोंड उघडायच्या आतच नवरा बोलला, "खालिदा."

जमलेल्या बायकांनी नसीमाकडे पाहिलं. खालिदा त्याची पहिली बायको, तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली. लग्न होऊन आल्या आल्या नसीमाने तिचे कपडे वाटून टाकले, तिची ट्रंक भंगारात दिली, अंगणात तिने लावलेली मेंदीसुद्धा मुळासकट उपटली. नवरा तेव्हा एका शब्दाने बोलला नव्हता.

"अस्सल अरबी नाव," मौलवी खूश होऊन म्हणाले. "अर्थ आहे, कायम राहणारी."

नवऱ्याने लेक नसीमाच्या मांडीवर ठेवली आणि तो बायकोच्या कानाशी वाकला.

"आता हिला काढून दाखव घरातून," तो म्हणाला. "मार हाक."