डावी कड

गर्दीतल्या त्या माणसाचा उजवा कान पडद्यावर जेमतेम दोन सेकंद दिसतो. इटलीतल्या कुठल्याशा बंदरावरचा बाजार, पळत सुटलेली नायिका, मागे माणसं, आणि अगदी डाव्या कडेला तो. कान म्हणजे चार-पाच तपकिरी ठिपके. पाळी फाटलेली आहे की तिथे सावली पडली आहे, हे ओंकारला कधीच ठरवता आलं नव्हतं.

त्याच्या वडिलांची, सीतारामची, उजवी पाळी फाटलेली होती. लहानपणी कानातली बाळी बैलाच्या दोराला अडकली होती.

सीताराम खंडाळ्याच्या एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. ओंकार रांगत असताना तो मालवाहू जहाजावर गेला. वर्षभरात पत्र आलं: इटलीजवळ समुद्रात पडला, प्रेत मिळालं नाही. पुढे त्याच बंगल्यावर काम करताना, मालकांनी लावलेल्या व्हिडिओ कॅसेटवर ओंकारच्या आईने, कस्तुराबाईने, हा भुताटकीचा सिनेमा पाहिला आणि गर्दीतला तो माणूस दिसताच तिच्या हातातलं ताट पडलं. सिनेमा पत्रानंतर चार वर्षांनी काढलेला होता.

तिने नवऱ्याचे दिवस कधी घालू दिले नाहीत. बारा वर्षं उलटली, आता दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकावं, असं भावकीने सांगून पाहिलं.

"तुजा नवरा मेला न्हाई, हिरो झालाय," चुलत दीर केरबा चिडवायचा.

"तुला तर कुनी गर्दीत बी घेतलं न्हाई," ती म्हणायची.

परत का येत नाही, याचंही उत्तर तिच्याकडे होतं. "पासपोर्ट गेला आसंल समुद्रात. कागदाबिगर कोन सोडतंय?"

त्या सिनेमाच्या दिग्दर्शकाचे वेडे चाहते जगभर होते. त्यामुळे सिनेमा दर काही वर्षांनी नव्याने साफ करून बाजारात यायचा आणि ओंकार प्रत्येक आवृत्ती मागवायचा. कॅसेटमध्ये बाप घरातल्या फोटोसारखा हुबेहूब होता. पहिल्या डिस्कमध्ये नाक बदललं. पुढच्या डिस्कमध्ये मिशी गेली आणि निळा शर्ट हिरवा झाला. चित्र जितकं स्वच्छ होई, तितका त्याचा गोंधळ वाढे.

"यंत्र धूळ समजून खरं काहीतरी पुसतं," त्याची बायको सारिका म्हणाली. ती तळेगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. "आणि नसलेलं भरतं. तुम्ही चेहरा बघूच नका."

"मग काय बघू?"

"कान. पण यंत्राला पुरेसा तपशील मिळाला तरच तो खरा दिसेल."

या वर्षी आलेली आवृत्ती मूळ निगेटिव्हवरून केलेली होती. आधीच्या सगळ्या टीव्हीच्या चौकोनी पडद्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेल्या होत्या. ही पूर्ण रुंदीची होती. सारिकाने माहितीपत्रक वाचून हे सांगितलं, तेव्हा ओंकारचं लक्ष नव्हतं. पाळी धड निघाली तर आईला काय सांगायचं, याचा तो विचार करत होता. इतकी वर्षं वाट पाहिली ती कुणाची?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याने डिस्क लावली. बाजार आला. त्याने चित्र थांबवलं.

कान लख्ख होता. पाळी खालून दुभंगलेली, दोन टोकं वेगवेगळी. शंकेला जागा नव्हती.

"आई," तो वळून म्हणाला, आणि मग त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

आजवर जिथे तो माणूस संपायचा, तिथून पुढे चित्र होतं. त्याच्या दंडाला धरून एक बाई चालत होती. तिच्या कडेवरच्या पोराने त्याची कॉलर मुठीत पकडली होती.

सारिकाने रिमोटकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," कस्तुराबाई म्हणाली. ती उठून टीव्हीजवळ गेली. चष्मा पदराला पुसून तिने पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आई, तो कान..."

"कुनाचाबी कान फाटतो."

"अगं, पण नीट बघ तरी."

"बघितलं. ह्यो तुजा बा न्हाई." ती परत येऊन खाटेवर बसली. "केरबाला फोन लाव. गुरुजींना घिऊन ये म्हनावं. तुज्या बाचं दिवस घालून टाकू."